पाहुणे आलेत, भात शिजायचाय

आमच्या शेजारच्या डॉक्टर मुळ्यांच्या फ्रीजमध्ये दुधाला लागून समुद्र असतो. खोटं नाही सांगत. मार्च लागला की दर रविवारी सकाळी ते आमच्या आयर्लंडातल्या ड्रोहेडाहून गाडी काढून क्लोगरहेडच्या धक्क्यावर जातात, दोरीला बांधलेली बाटली पाण्यात सोडतात, भरून आणतात, आतले बारीक जीव टिकावेत म्हणून आयोडीनचे थेंब टाकतात आणि फ्रीजमध्ये ठेवतात. धक्क्यावरच्या कोळ्यांनी त्यांचं नाव विचारायची तसदी कधी घेतली नाही. ‘युवर मॅन विथ द बॉटल’, म्हणजे तो बाटलीवाला, म्हटलं की सगळ्यांना कळतं.

माणूस पॅथॉलॉजिस्ट. आठवडाभर हॉस्पिटलात लोकांचं रक्त तपासायचं आणि रविवारी समुद्राचं पाणी. थेंबातले जीव मोजून आकडा वहीत मांडल्याशिवाय ते जेवत नाहीत.

मी एकदा विचारायची चूक केली. म्हणाले, ‘‘वहिनी, पंगत समजा. वसंतात समुद्रात बारीक हिरव्या जिवांचा बहर येतो, तो म्हणजे भात. तो उजेडाचं पंचांग पाळतो, दिवस मोठा झाला की ठरल्या वेळी शिजणार. पण तो खाणारे किडे, माशांची पिल्लं, हे पाहुणे. ते पाण्याच्या उबेचं पंचांग बघतात. पाणी तापायला लागलंय, त्यामुळे ते दरसाल थोडे लवकर येऊन बसतात. पाहुणे आलेत, भात शिजायचाय.’’

हे शेवटचं वाक्य त्यांना इतकं आवडलंय की ते कुठंही चालतं. बस आधी सुटली, लिफ्ट उशिरा आली, आयरिश उन्हाळा आलाच नाही, तरी तेच.

बोलतात ते एवढंच. बाकीचं बोलायचं खातं त्यांच्या बायकोकडे, शैलाताईंकडे होतं. त्या गेल्या आणि पाठोपाठ मुलगी रेवा गॉलवेला समुद्रशास्त्र शिकायला गेली. तेव्हापासून घरात फ्रीजचाच काय तो आवाज.

दोन हजार पाचच्या चैत्रात एका रविवारी मी हळदीकुंकू ठेवलं. डब्लिनहून कैऱ्या आणल्या, पन्हं केलं, गूळ-केशराचं, मस्त तांबूस. बाटल्या कमी पडल्या म्हणून डॉक्टरांकडून त्यांच्या तीन रिकाम्या घेतल्या. आमच्या फ्रीजमध्ये जागा नव्हती म्हणून भरलेल्या तिन्ही त्यांच्याच फ्रीजमध्ये ठेवल्या. एवढी अक्कल गहाण ठेवल्यावर दुसरं काय होणार?

त्या रविवारी डॉक्टर पाणी घेऊन आले आणि लगेच त्यांना हॉस्पिटलचं बोलावणं आलं. बाटली फ्रीजमध्ये ठेवून गेले. आयोडीननं पाणीही तांबूस. बाटलीवर चिठ्ठी होती, पण डॉक्टरचं अक्षर. ते केमिस्टशिवाय कोण वाचणार? त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असायची. अकोल्याहून आलेल्या माझ्या सासूबाई पन्हं आणायला गेल्या, दिसल्या तेवढ्या बाटल्या आणल्या आणि पातेल्यात ओतल्या.

पहिला ग्लास समोरच्या मिसेस ब्रेननना दिला. त्या सभ्य बाई. ग्लास रिकामा करून म्हणाल्या, ‘‘ग्रँड. सॉल्टी, बट ग्रँड.’’ वर रेसिपीही मागितली. मी चव घेतली आणि पातेलं आत नेलं.

सासूबाई बाटल्या मोजत म्हणाल्या, ‘‘तीनच भरल्या होत्या ना वं? मंग ह्या चार कशा?’’

साडेपाचला डॉक्टर आले. मी सगळं कबूल केलं. कोण किती प्यायलं ते त्यांनी आधी विचारून घेतलं. एकच ग्लास आणि तोही पन्ह्यात पातळ झालेला, म्हणजे काही होणार नाही म्हणाले, तरी समोर जाऊन मिसेस ब्रेननची विचारपूस करून आले. रागावले नाहीत. पण मग त्यांच्या जिन्याच्या पायरीवर जे बसले, ते उठेनात.

‘‘सातला रेवाचा फोन येतो,’’ ते म्हणाले. ‘‘मी आकडा सांगतो, ती लिहून घेते. आमचं तेवढंच बोलणं असतं, वहिनी. आता पुन्हा पाणी आणून मोजायला वेळ नाही. आज काय सांगू?’’

मी म्हटलं, दोनशे-अडीचशे काहीतरी ठोकून द्या. रक्ताचा खोटा रिपोर्ट लिहायला सांगितल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी या बाटल्यांवरून त्यांची टिंगल करत होते.

सातला मी धुतलेल्या बाटल्या परत द्यायला गेले, तेव्हाच फोन वाजला. त्यांनी दोन घंटा जाऊ दिल्या, मग उचलला. रेवाचा आवाज खणखणीत, दारापर्यंत येत होता. ‘‘वेल बाबा, हाउ मेनी?’’

‘‘आज आकडा नाही,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘शेजारच्या आजींनी समुद्र पन्ह्यात ओतला. मिसेस ब्रेनन प्यायल्या.’’

पलीकडे रेवा हसली. मी त्या घरात शेवटचं हसणं ऐकलं त्याला तीन वर्षं झाली होती. कोण, कसं, आजी काय म्हणाल्या, तिनं सगळं खोदून विचारलं. डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, आणि फार वाईट सांगत होते. ‘‘मंग ह्या चार कशा’’ आधीच सांगून टाकलं. तरी ती हसत होती. मी दार ओढून निघून आले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून वही दाखवायला आले. प्रत्येक रविवारपुढे जिवांचा आकडा. कालच्या रविवारपुढे, त्याच रकान्यात, त्याच किचकट अक्षरात काहीतरी होतं. मी वाचायची खटपट केली, तेव्हा त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं:

‘‘रेवा. पन्नास मिनिटं.’’