बिघडला तर कोण येणार?

आमच्या सोसायटीत नवी लिफ्ट बसली तेव्हा सेक्रेटरींनी नारळ फोडला, पेढे वाटले, टाळ्या झाल्या. त्या गडबडीत गायकवाडकाकांनी लिफ्ट कंपनीच्या माणसाला कोपऱ्यात गाठलं.

"बंद पडली तर कोण येणार?"

"काका, आमचा नंबर चोवीस तास चालू असतो."

"नंबर जिना चढून येणार का?"

त्या माणसाने पटकन पेढा तोंडात टाकला.

काका कळव्याला माझ्या समोरच्याच घरात राहतात. कोलशेतच्या कारखान्यात ते मेंटेनन्सला फिटर होते. कारखाना गेला, तिथे टॉवर आले, काका मात्र अजून ड्युटीवरच आहेत. लोक खिशाला पेन लावतात, काका टेस्टर लावतात. कोणाच्या दाराच्या कडीचा स्क्रू ढिला दिसला की बेल न वाजवता पिळून पुढे जातात. आतल्या माणसाला वाटतं, चोर आला.

मी मिक्सर घेतला तेव्हाही तोच प्रश्न. मी वॉरंटी कार्ड दाखवलं. "कार्ड ठेवा कपाटात. मी येईन," काका म्हणाले. चार वर्षं झाली, मिक्सर बिघडला नाही. काका जिन्यात अधूनमधून त्याची चौकशी करतात. "छान चालतोय," असं मी म्हटलं की "बरंय" म्हणतात आणि जरा तोंड पाडून वर जातात.

काकू गेल्यापासून घरात ते एकटेच. मुलगी घोडबंदर रोडला, एकविसाव्या मजल्यावर. अंतर फार नाही, पण मध्ये ट्रॅफिक आहे. त्यामुळे ती चौदा एप्रिलला जयंतीला येते आणि मे महिन्यात येते. एरवी व्हिडिओ कॉल. मोबाइलवर नात नखाएवढी दिसते म्हणून काकांनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. मुलगी म्हणाली, "बाबा, ऑनलाइन मागवते, परवा दारात हजर." काका म्हणाले, "दारात ठेवून जाईल गं. आत कोण येणार?"

शेवटी ते माझ्याकडे आले. कारण आमच्या बिल्डिंगमध्ये याद्या करणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे. मी कागदावर चार ठिकाणं लिहिली: ऑनलाइन, ठाण्यातलं मोठं शोरूम, कल्याणला स्टेशनजवळचं दुकान आणि डोंबिवलीतलं एक लहानसं. पुढे सात रकाने आखले. किंमत, वॉरंटी, स्क्रीनचा आकार वगैरे. काकांनी कागद लांब धरून वाचला, टेबलावरची पट्टी घेतली आणि पेन्सिलीने आठवा रकाना आखला. वर लिहिलं, "कोण येणार?"

पहिल्या शनिवारी शोरूम. तिथल्या मुलीने अगदी गोड आवाजात सांगितलं, "सर, ऑन-साइट वॉरंटी आहे. इंजिनिअर घरी येतो."

"त्याचं नाव काय?"

"सर, जो अव्हेलेबल असेल तो."

"म्हणजे दर वेळी वेगळा?"

"हो, सर!" ती आनंदाने म्हणाली. काकांनी आठव्या रकान्यात फुली मारली.

दुसऱ्या शनिवारी कल्याण. मालक मान वर न करता म्हणाला, "बिघडला तर रिक्षात घालून इकडे आणायचा, काका." दुसरी फुली. ऑनलाइनवर त्यांनी आधीच मारून ठेवली होती.

डोंबिवलीचं दुकान एका गल्लीत, झेरॉक्सच्या शेजारी. मालक साळुंखे, पन्नाशीचे, उघड्या कॉम्प्युटरांच्या ढिगाऱ्यात बसलेले.

"बिघडला तर कोण येणार?"

"मीच. दुसरं आहे कोण इथे?"

"कळव्याला? कधी?"

"रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा. पण चहा बिनसाखरेचा लागेल, आधीच सांगतो."

"ठरलं," काका म्हणाले.

"अहो काका," मी त्यांना बाहेर ओढलं, "सातपैकी सहा रकान्यांत हे दुकान शेवटचं आहे!"

"ताई, आठवा बघा."

कॉम्प्युटर आला. नात ताटाएवढी दिसू लागली. आणि पंधराच दिवसांत तो बंद पडला. साळुंखे रविवारी अकराला आले, एकला गेले. पुढच्या महिन्यात दोनदा बंद पडला, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा दोनदा. दर खेपेला दारापलीकडून हसण्याचे आवाज यायचे. कुठल्याशा जुन्या कॉम्प्रेसरची गोष्ट काका सांगायचे. ती मला आता पाठ आहे.

मी तारखा लिहून ठेवल्या होत्या. पाच बिघाड! सहावा झाला तेव्हा मी ठरवलं, आज साळुंख्यांकडून मशीन बदलूनच घ्यायचं. रविवारी साडेदहाला, तारखांचा कागद घेऊन, मी काकांच्या घरात शिरले.

"बसा ताई, चहा गाळतोय," स्वयंपाकघरातून आवाज आला.

कॉम्प्युटर मेलेला होता. मी बटण दाबलं, काही नाही. वाकून मागे पाहिलं. वायर भिंतीवरच्या सॉकेटमधून काढलेली होती. नुसती काढलेली नव्हती, तिचं गोल वेटोळं घालून सुती दोऱ्याने बांधून ठेवलं होतं, कारखान्यातला माणूस काम संपल्यावर ठेवतो तसं.

मी वेटोळं सोडलं. प्लग भोकांपर्यंत नेला.

ट्रेमध्ये कप ठेवल्याचा आवाज आला. एक, दोन. मग डबा उघडल्याचा. साळुंख्यांसाठी बिनसाखरेची बिस्किटं.

मी वेटोळं पुन्हा घातलं. दोरा बांधला; गाठ त्यांच्यासारखी जमली नाही. तारखांचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"कळलं का काय झालंय?" काकांनी आतून विचारलं. आवाज जरा जपूनच होता.

"नाही बाई. मला यातलं काय कळतंय? साळुंख्यांनाच बघू दे."

"मी म्हटलं नव्हतं? माणूस येणारा पाहिजे." ते ट्रे घेऊन बाहेर आले. माझ्याकडे पाहिलं, मागच्या वायरीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. मग आत जाऊन तिसरा कप आणला.

मी चहा घेतला. उठताना दाराशी थांबले.

"काका, आमचा मिक्सर हल्ली आवाज करतोय हो."

त्यांचा हात खिशातल्या टेस्टरवर गेला. "कधीपासून? अहो, सांगायचं नाही का! चारला येतो."

घरी येऊन मी यादीत लिहिलं: चार वाजता काका. मिक्सर ओट्यावर ठणठणीत उभा होता. चारच्या आत त्याचं काहीतरी करायला हवं होतं.