पाचवं दार

ओरोझालीनं गाडी घेतली ती रविवारच्या गाडीबाजारात, सकाळी साडेआठला आणि बायकोला न विचारता. या तिन्हीपैकी तिसरी गोष्टच काय ती चुकली, असं त्याचं मत होतं. गाडी पांढरीशुभ्र होती. काराकोल शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत सतरा वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला पांढऱ्या गाडीपुढे आणखी काही दिसत नाही.

विकणाऱ्यानं जाता जाता फक्त एवढंच सांगितलं, "दारं जरा नीट आपटून लावत जा, दादा."

हे 'जरा' म्हणजे किती, ते घरी आल्यावर कळलं. चारही दारं बंद केली तरी छतावरचा दिवा जळतच राहिला, आणि समोर वेगाच्या काट्यांच्या मध्ये चित्रातली एक इवलीशी लाल गाडी आपलं दार उघडं टाकून बसलेली. ओरोझालीनं दारं आपटली. बायकोनं आपटली. (असिलकाननं आपटल्यावर बाजूचा आरसा निखळला, दिवा नाही.) सकाळी बॅटरी ठार! गिअर आपोआप पडणारे, म्हणजे ढकलून सुरू करायचीही सोय नाही. मग रोज सकाळी शर्शेन दाजींना फोन, दाजींची जीप, दाजींच्या वायरी आणि दाजींचे सल्ले.

"मेव्हणे, ही गाडी नाही, हा रात्रभर जळणारा कंदील आहे," दाजी म्हणायचे.

हे सगळं सोसलं असतं, पण दाजींच्या मुलाचं, म्हणजे भाच्याचं, एल्दियारचं लग्न चार दिवसांवर आलेलं. नवरीला त्युप गावाहून आणायला मामाची पांढरी गाडी जाणार, वरातीत पुढे तीच राहणार, असं झुमागुलताईनं अख्ख्या भावकीत सांगून टाकलं होतं. आता ताईच दारात येऊन उभी राहिली.

"ओरोझाली, खरं सांग. गाडी चालेल ना?"

"चालेल म्हणजे काय! धावेल!"

"नाही तर मी नवरीला जीपमधून आणते. तुझ्या दाजींनी काल तिच्यातून सहा मेंढ्या आणल्यात. पोरीच्या पांढऱ्या पोशाखाचं काय होईल ते तूच बघ."

बाजारातल्या इलेक्ट्रिशियननं गाडीभोवती एक फेरी मारली आणि सगळ्या वायरी उपसाव्या लागतील, आठवडा लागेल, असं सांगून तो चहाला गेला. ओरोझालीच्या डोक्यात तिडीक उठली. दिवा लागतो म्हणजे काय, तर कुठलं तरी दार उघडं आहे असं गाडीला वाटतंय. कुठलं, एवढंच शोधायचं. कचेरीत पाणी कुठे मुरतंय ते तो असंच तर शोधायचा!

प्रत्येक दाराच्या खांबावर रबरी टोपी घातलेलं एक बटण असतं, दार लागलं की ते दाबलं जातं. चारही दारं उघडायची आणि चारही बटणं एकदम बोटानं दाबून धरायची, म्हणजे बटणांचा प्रश्न निकालात! पण त्याला चार माणसं हवीत. एक तो, एक असिलकान, एक वरच्या मजल्यावरच्या तुर्सुन आजी, आणि एक मीटर वाचायला आलेला इसम, ज्याला नाही म्हणता आलं नाही.

"दाबा!"

"दाबलं!"

दिवा जळतोच आहे.

"आजी, तुम्ही दाबलं नाहीत."

"मी दाबलं नाही? अरे, सात पोरं वाढवली या हातांनी!"

"मग वहिनींनी सोडलं असेल," मीटरवाला म्हणाला.

"मी? तुमचंच बोट टोपीच्या बाजूला आहे! मघापासून बघतेय!"

त्या भांडणातच कधी तरी असिलकाननं विचारलं, "अहो, गाडीला दारं किती?"

"चार."

"मग मागे ते काय आहे? खिडकी?"

डिकी! (हा शोध कोणी लावला यावर त्या घरात आजही दुमत आहे.) ओरोझाली धावत मागे गेला. डिकीच्या कडेला तसलंच एक बटण होतं, पण झाकणाचा जो भाग त्यावर टेकायचा, तो झिजून गेलेला. झाकण लागायचं आणि बटण मोकळंच राहायचं. एवढ्याशा फटीनं त्याचे आठ दिवस खाल्ले होते!

तुर्सुन आजींनी आपल्या जुन्या रबरी जोड्याची टाच उदार मनानं देऊ केली. ओरोझालीनं तिचा नखाएवढा तुकडा कापला, झाकणाला डिंकानं पक्का चिकटवला, तासभर वाळू दिला आणि झाकण लावलं. छतावरचा दिवा विझला. लाल गाडीनं दार लावून घेतलं. आजी आपल्या कामाला गेल्या, मीटरवाला सुटला.

पण ओरोझाली हा कारकून होता. डिकीच्या आतही एक छोटा दिवा होता. तो विझला की नाही, हे कोणी पाहिलंय? तोच रात्रभर जळला तर?

"असिलकान, मी आत बसतो. तू झाकण लाव."

"अहो, पण..."

"लाव गं!"

तिनं लावलं. आत मिट्ट काळोख! ओरोझालीला आयुष्यात काळोखाचा इतका आनंद कधी झाला नव्हता. तेवढ्यात वर खिडकीतून दूध उतू गेल्याचा वास आला आणि असिलकान पळाली.

बाजारातून परतणाऱ्या सैराबाई, समोरच्या घरातल्या शिक्षिका, गाडीपाशी थबकल्या. कुठून तरी दबलेला आवाज येत होता.

"गेला! गेला!"

"कोण गेला? कोण बोलतंय?"

"मी ओरोझाली! गेला, सैराबाई! एकदाचा गेला!"

"अरे देवा! कधी?"

"आत्ताच! आठ दिवस जळत होता नुसता. शांत झाला. माझी सुटका झाली!"

सैराबाईंना ओरोझालीचे वडील पंचाऐंशीचे आहेत एवढंच आठवलं, आणि दुःखानं माणूस कुठल्या खोलीत तोंड लपवून बसलाय हे पाहायला त्या थांबल्या नाहीत. त्या जिना चढल्या आणि काही न बोलता असिलकानच्या गळ्यात पडल्या. "तुझे सासरे शांत झाले," हे शब्द कानी पडताच असिलकाननं हंबरडा फोडला. तिच्या हातातल्या फोनवर तेव्हा झुमागुलताई लग्नाच्या पुलावाचं बोलत होती.

पंधरा मिनिटांत अंगणात तीस माणसं जमली. फोनवर नुसता हंबरडा ऐकलेली ताई जीपमधून उतरली ती ऊर बडवतच; कोण गेलं हे तिलाही ठाऊक नव्हतं. आणि तिच्यामागून उतरले खुद्द वडील. शर्शेन दाजींकडे ते मेंढी निवडायला गेले होते, तिथूनच गाडीत बसले होते.

"कोण गेलं रे?" त्यांनी विचारलं.

अंगणातलं रडणं थांबलं. तेवढ्यात डिकीतून टकटक ऐकू आली. शर्शेन दाजींनी पुढे होऊन ड्रायव्हरच्या सीटजवळचा खटका ओढला. झाकण उघडलं, आतला छोटा दिवा लागला आणि त्या उजेडात घामाघूम ओरोझाली उठून बसला.

"चारही दारं बंद! पाचवंही बंद! दोन्ही दिवे विझतात!" त्यानं तीस माणसांना सांगितलं.

वडिलांनी आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवताच गाडी गुरगुरली. तिसऱ्या दिवशीही. त्या सकाळी शर्शेन दाजी सवयीनं वायरी घेऊन आले होते. त्या खांद्यावर टाकून ते तसेच परत गेले, आणि ओरोझालीनं त्यांना फाटकापर्यंत पोहोचवलं. मुद्दाम.

लग्नाच्या दिवशी त्युपहून निघताना पांढरी गाडी सगळ्यात पुढे होती. मागे दहा गाड्या, रिबिनी, कर्ण्यांचा गजर. काळ्या काचांआड मागच्या सीटवर जाड ओढणीतली नवरी मीरिम, शेजारी एल्दियार. बाजूला दूरवर सरोवर चमकत होतं. आपण गाडी नव्हे, फौज चालवतो आहोत असं ओरोझालीला वाटलं.

आणि मधेच छतावरचा दिवा लागला.

ओरोझालीनं कचकन गाडी थांबवली. मागच्या दहा थांबल्या. ठेवणीतल्या कोटातच तो उतरला. एक दार उघडलं, आपटलं. दुसरं आपटलं. डिकी उघडली, रबराचा तुकडा चाचपला, झाकणावर बसून पाहिलं. दिवा जळतच होता. वऱ्हाडी उतरून भोवती जमले. झुमागुलताईनं डोक्याला हात लावला.

"रबर पक्कं आहे," ओरोझाली रडवेल्या आवाजात म्हणाला. "म्हणजे वायर! सगळ्या वायरी उपसाव्या लागणार!"

नवरीनं सासरी पोहोचेपर्यंत तोंड उघडायचं नसतं. पण शेवटी ओढणीतून बारीक आवाज आला. "मामा..."

"थांब बाळ, घाबरू नकोस, मी बघतोय."

"मामा, दिवा मी लावला. रडून काजळ पसरलं होतं, आरशात दिसेना." ओढणीतून मेंदीचं एक बोट वर गेलं, छतावरचं बटण सरकलं. टक्. दिवा विझला.

शर्शेन दाजी ताईकडे वळले.

"झुमागुल, सून उत्तम निवडलीस. तुझ्या माहेरच्या गाड्या बघायला एक माणूस मिळालं."