किसनमामांची डबल बेल

आमच्या शेजारचे किसनमामा गाडीला तोंडावर उत्तरं देतात. गाडी वाजली की म्हणतात, "हौ रामभाऊ, ऐकलं!"

मामा मंठ्यात राहतात. तीस वर्षं त्यांनी लाल बस चालवली. "माझ्या चाकाखाली कोंबडीबी आली न्हाई," हे वाक्य दिवसातून चारदा तरी ऐकावं लागतं. पुण्यातल्या मुलाचं म्हणणं, डोळे अधू झालेत, आता गाडी सोडा. मामा हटून बसले. शेवटी मुलाने हात टेकले आणि नवी गाडी दारात आणून लावली. पुढे काही आडवं आलं तर ती आपणहून ब्रेक दाबते, रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की 'टुंग' करते.

पहिल्याच दिवशी मामा मला जालन्याला घेऊन निघाले. गाव सुटलं नाही तोच चाक पट्ट्यावर गेलं. टुंग. मामांनी शिस्तीत गाडी कडेला घेतली, थांबवली आणि समोर बघत बसून राहिले.

"काय झालं, मामा?"

"सिंगल बेल झाली ना, गुरुजी. डबल झाल्याबिगर गाडी हलायची न्हाई."

बसमध्ये कंडक्टरच्या एका बेलला थांबायचं, दोन झाल्या की निघायचं, हे मलाही ठाऊक आहे. पण या गाडीला कोण सांगणार? शेवटी मीच तोंडाने "टिंग टिंग" केलं. जालना येईपर्यंत अकरा वेळा. इतकी वर्षं वर्गात ओरडून माझा घसा बसला नव्हता, तो त्या दिवशी बसला.

रामभाऊ म्हणजे त्यांचा कंडक्टर. वर्षानुवर्षं जोडी एकच. गेल्या साली तो वारला. मामांनी गाडीला त्याचं नाव दिलं म्हणून मी गल्लीभर टिंगल केली, हे कबूल करायला हवं.

परवा आम्ही तीर्थपुरीला लग्नाला निघालो होतो. संध्याकाळचं ऊन थेट तोंडावर. मामा कोंबडीचंच सांगत होते. एकाएकी गाडी टणाणा वाजली आणि जागच्या जागी थांबली. सीटबेल्ट माझ्या छातीत रुतला. समोर हातभर अंतरावर मेंढ्यांचा कळप, आणि कळपापुढे काठी आडवी धरलेली एक म्हातारी.

मामांचा पाय ब्रेकवर नव्हताच.

म्हातारीने मनसोक्त शिव्या घातल्या. मामांनी खाली उतरून तिला हात जोडले. मग परत येऊन बसले.

"मला दिसलीच न्हाई, गुरुजी. बिलकुल न्हाई दिसली."

"ऊन डोळ्यावर होतं, मामा."

"ऊन तवाबी व्हतं. उन्हाच्या टायमाला रामभाऊ म्होरं येऊन बसायचा. 'किसन, डाव्या हाताला शेरडं. किसन, सायकलवाला.' लोक म्हनायचे, किसनचा हात साफ. हात माझा व्हता, डोळे त्याचे व्हते."

मला माझ्या टिंगलीची फार लाज वाटली.

मामांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "पोराला मीच सांगतो. रामभाऊ असता तर कवाच उतरवलं असतं त्यानं मला."

मी स्टिअरिंगवर बसलो. मामा माझ्या डाव्या बाजूला आले, सीटबेल्ट लावला. मी गाडी चालू केली, पण माझा पाय काही हलेना.

मामांनी एकदा मागच्या रिकाम्या सीटकडे वळून बघितलं, सगळे चढले का ते बघावं तसं. मग म्हणाले, "टिंग टिंग."