ग्रंथपालांचे पांढरे पाय

ग्रंथपाल भरदुपारी घरी आले तेव्हा त्यांच्या उजव्या पायात रबरी बूट होता आणि डाव्या पायात नुसताच ओला मोजा.

"दुसरा बूट कुठंय?" बायकोनं दारातच विचारलं.

"कुठं म्हणजे? पायात!" ग्रंथपाल म्हणाले आणि मग त्यांनी खाली बघितलं. नळदुरुस्तीवाल्याकडून मागून आणलेला, दोन नंबर मोठा बूट बसमध्ये निसटला की रस्त्यात, त्यांना पत्ताच नव्हता.

तीन दिवसांपूर्वी ग्रंथालयाच्या तळघरातला मोठा नळ फुटला होता. ऐन थंडीत गुडघाभर गार पाणी, आणि फळ्यांवर जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड. एरवी शिंक आली तरी रजा टाकणारा हा माणूस, पण पुस्तकांवर बेतलं तेव्हा जागचा हलला नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्यात उभं राहून ते खंड वर देत होते. बुटात पाणी पहिल्याच दिवशी शिरलं. त्याकडे बघायला फुरसत कुणाला होती?

"काही नाही, जरा बधिर झालेत. शेकले की येतील ताळ्यावर," म्हणत ते लंगडत हीटरकडे निघाले.

"खबरदार!"

आवाज आत्यांचा होता. ग्रंथपालांच्या या आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. उमेदीची तीस वर्षं त्यांनी सैन्याच्या इस्पितळात परिचारिका म्हणून काढली होती.

"मोजा काढ."

"आत्या, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"काढ म्हणते ना!"

मोजा निघाला. पाय पिठात घोळल्यासारखा पांढराफटक, सुजलेला, तळव्याला सुरकुत्याच सुरकुत्या. दुसऱ्याची तीच गत. आत्या जरा वेळ वाकून बसल्या.

"लागलं?"

"काय?"

"चिमटा काढला मी."

"कधी?"

आत्यांनी मान हलवली. "खंदकातले पाय म्हणतात याला. ओल्या खंदकात दिवसेंदिवस उभं राहून सैनिकांना व्हायचं. बर्फच लागतो असं नाही. गारवा आणि ओल तासन्‌तास पायाला धरून बसली की पुरतं. पायात रक्तच नीट पोचत नाही. हीटरपुढे बसला असतास तर भाजलेलंसुद्धा कळलं नसतं तुला."

"लग्नात यांच्या काकू मला पांढऱ्या पायाची म्हणाल्या होत्या," बायको म्हणाली. "बघा, खरे पांढऱ्या पायाचे कोण निघाले!"

हसता हसता तिचे डोळे भरून आले होते. तिनं पाय चोळायला घेतले, तर आत्या ओरडल्या, "चोळू नकोस, कातडी सोलून निघेल!" मग पाय धुऊन, हलकेच टिपून कोरडे केले, उशांवर उंच ठेवले, अंगावर पांघरूण घातलं. डॉक्टर येऊन बघून गेले. "फोड नाहीत, जखमा नाहीत. वेळेत सापडलं," ते म्हणाले. "माझ्यासाठी आत्यांनी काही कामच ठेवलं नाही." दुखायला लागलं तर घ्यायची गोळी तेवढी त्यांनी लिहून दिली.

डॉक्टर जाताच ग्रंथपाल उठू लागले. "दोन फळ्या राहिल्यात. माझी चार माणसं अजून पाण्यात आहेत."

"मोजे बदलतात का?" आत्यांनी विचारलं.

"वेळ कुणाला आहे?"

आत्यांनी घरातले झाडून सगळे मोजे आणि टॉवेल पिशवीत कोंबले आणि टॅक्सी बोलावली. एकटीनं जिना उतरू नका, असं ग्रंथपाल त्यांना रोज बजावत असत. आज ते तोंड उघडेपर्यंत त्या खाली पोचल्या होत्या.

तासाभरानं फोन आला. ग्रंथालयातल्या सूचीकार बाई होत्या.

"सर, आत्या म्हणजे तोफ आहे हो! अर्धा तास पाण्यात, मग वर. पाय पुसायचे, वाळू द्यायचे, कोरडे मोजे घालायचे, तोवर खाली दुसरी जोडी. शिपाईमामा म्हणाले, मला काही होत नाही. आत्या स्वतःच टॉवेल घेऊन त्यांच्या पायाशी बसल्या. मामा असे लाजले! आता न सांगता मोजे बदलतायत."

"अगं, पण काम?"

"दुप्पट वेगानं! गारठून आमचे हात चालत नव्हते ना. एक फळी झालीसुद्धा. संचालक आरडाओरडा करत आले होते, माणसं बसलीत का म्हणून. आत्या म्हणाल्या, उतरा की तुम्ही. उतरलेत!"

ग्रंथपाल काही बोलणार इतक्यात त्यांच्या पायात मुंग्या उठल्या, मग आग, मग अशी कळ की फोन हातातून गळाला.

"दुखतंय!" ते ओरडले. बायको धावत आली. "अगं, दुखतंय! अंगठासुद्धा दुखतोय!" कळवळत ते खदखदून हसत होते. पायात रक्त पुन्हा खेळू लागलं होतं.

अंधार पडायच्या आत आत्या परतल्या, स्वतःचे पाय पुसून ग्रंथपालांच्या उशाशी बसल्या. सगळे खंड वर पोचले होते. "तीन दिवस तू एकट्यानं निम्मं तळघर उपसलंस रे," त्या म्हणाल्या. "शहाणपणा नव्हता, पण छाती होती."

तेवढ्यात संचालकांचा फोन आला.

"साहेब, उद्या काठी घेऊन येतो मी."

"छे छे! पूर्ण बरे व्हा. तुमची रजा मंजूर."

"साहेब, उपकार झाले..."

"ते राहू द्या. उद्यापासून खंड वाळवायचेत. नऊला गाडी पाठवतो."

"पण मी तर रजेवर..."

"तुमच्यासाठी नाही हो. आत्यांसाठी."

आत्यांनी फोन हातात घेतला. "आठला पाठवा," त्या म्हणाल्या. "आणि साहेब, आज रात्री मोजे काढून झोपा."