इद्रिस सरांचा थरथरता अलिफ

आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक इद्रिस सर माणसाला आधी अरबी अक्षरात ओळखतात, नाव नंतर विचारतात. मी धुळ्याच्या या शाळेत मराठी शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "अहिरे सर, तुम्ही नून. खाली वाटीसारखं गोल आणि वर एक ठिपका, काळजीचा." माझ्या पोटाबद्दल इतक्या सभ्यपणे कुणी बोललं नव्हतं. हेडमास्तरांना ते ऐन म्हणतात, कारण त्या अक्षराचं तोंड कायम उघडं असतं. हे हेडमास्तरांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

ते स्वतः कुठलं अक्षर, हे सांगणं कठीण, कारण ते एका जागी थांबतच नाहीत. चहा स्टाफरूममध्ये सुरू करतात, उरलेला व्हरांड्यात पितात आणि कप सापडतो सातवीच्या खिडकीत. बसायला सांगितलं की म्हणतात, "बसलं की अक्षर मरतं, सर."

अरबी सुलेखन ही खरं तर फार शिस्तीची कला. कलमाच्या टोकाने ठिपके टाकून प्रत्येक अक्षराची उंची मोजायची, मग लिहायचं. इद्रिस सरांनी ही मापं सोडली, कागद सोडला, शाईही सोडली. ते मांजरपाटाच्या कापडावर केळीच्या चिकाने लिहितात. चीक लिहिताना पाण्यासारखा असतो, वाळला की तपकिरी उमटतो आणि जन्मात जात नाही. त्यांच्या शर्टांकडे बघायचं घरी भाभींनी केव्हाच सोडलंय.

हा चीक ते जळगावकडच्या एका ओळखीच्या बागेतून एसटीने आणतात. एकदा मी बरोबर होतो. कंडक्टरने पिशवीतल्या बाटल्या बघून विचारलं, "काय शे बाटलीमा?"

"अक्षरं शेतस, भाऊ. आज दिसाव नहीत, उद्या दिसतीन."

कंडक्टरने तिकीट फाडलं आणि बाकी प्रवासभर आमच्यापासून चार सीट लांब उभा राहिला.

गेल्या हिवाळ्यात जळगावला त्यांच्या कापडांचं प्रदर्शन भरलं. मीही गेलो. सगळी अक्षरं थरथरत होती. अलिफ म्हणजे काठीसारखी एक उभी रेघ, पण यांचा अलिफ विहिरीतल्या सावलीसारखा हलत खाली उतरत होता. एक बाई म्हणाल्या, किती आधुनिक आहे. एकाने त्यात भूकंप पाहिला. इद्रिस सर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसते फिरत होते.

तेवढ्यात उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक वृद्ध शिक्षक आले. त्यांनी चष्मा पुसून प्रत्येक कापड पाहिलं आणि म्हणाले, "अलिफ सरळ असतो. ज्याला सरळ रेघ येत नाही, त्याने त्याला कला म्हणू नये."

मी वाद ऐकायच्या तयारीत उभा राहिलो. एरवी इद्रिस सर फळ्याच्या रंगावरूनही तासभर भांडतात. पण त्या दिवशी ते फक्त "जी" म्हणाले.

परतताना पारोळा आलं आणि ते एकदम उठले. "उतरा सर. आज गुरुवार, दर गुरुवारी येतो मी इथे. अब्बांना भेटून जाऊ."

त्यांच्या वडिलांबद्दल मी ऐकून होतो. छापखान्यांसाठी हाताने उर्दू पानं लिहून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. इद्रिस सरांना त्यांनीच शिकवलं होतं, ठिपके मोजून. खाटेवर ते म्हातारे गृहस्थ बसले होते. माझी नजर आधी त्यांच्या उजव्या हाताकडे गेली. तो मांडीवर सारखा हलत होता.

"लोग क्या बोले?" त्यांनी विचारलं.

"खूश झाले, अब्बा. आता सगळे असंच लिहितात. सरळ अलिफ कुणी बघत नाही." मग सरांनी माझ्याकडे पाहिलं. "विचारा अहिरे सरांना."

मी मराठीचा शिक्षक, शुद्धलेखनाचा माणूस. मी म्हणालो, "हो. हीच पद्धत आहे आता."

म्हाताऱ्यांनी समाधानाने मान हलवली आणि कलम मागितलं. इद्रिस सर खाली मांडी घालून बसले आणि कागद हलू नये म्हणून दोन्ही तळहातांनी दाबून धरला. थरथरता हात अलिफ काढत हळूहळू खाली आला. मग वडिलांनी मुलाने प्रदर्शनातून आणलेलं कापड शेजारी ठेवून पाहिलं.

"तुझी लाट नकली आहे," ते म्हणाले. "सगळीकडे सारखी. माझी वर कमी, शेवटी जास्त. बघ."

इद्रिस सर तासभर बघत राहिले. मध्ये चहा आला, तो तिथेच निवला.

स्टँडकडे जाताना ते आपणहून बोलले. "दोन वर्षांपूर्वी त्यांनी कलम पेटीत टाकून दिलं होतं. म्हणाले, हात खोटा झाला. मग मी असं लिहायला लागलो. चांगल्या हाताला हे शिकवणं फार अवघड गेलं, सर."

मी म्हणालो, "पण आता जमलंय की."

"कुठे जमलंय?" त्यांनी पावलं भरभर उचलली. "त्यांचा हात दर महिन्याला बदलतोय. मला मागे राहून चालत नाही."