दीड हजार लिटर चांगलं पाणी

थेंबरावांनी टाकी रिकामी करायचं ठरवलं तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि बायको फिरायला गेली होती. त्यांच्या मते निर्णय अगदी किरकोळ होता. (त्यांच्या आयुष्यातले सगळे मोठे घोटाळे किरकोळ निर्णयांतूनच झाले आहेत, पण हे त्यांना दर वेळी नव्याने कळतं.)

थेंबराव हे ऑफिसातलं नाव. खरं नाव पगाराच्या यादीत होतं आणि तिथेच राहिलं. पाणीपुरवठा खात्यात ते हेडक्लार्क, आणि नोटिसा काढण्याचं काम सव्वीस वर्षं त्यांच्याकडे. कुणाची टाकी वाहून गेली, कुणी पाइप लावून गाडी धुतली, की थेंबरावांची नोटीस गेलीच म्हणून समजा. घरातही तोच कायदा. फ्लशच्या टाकीत त्यांनी वीट टाकून ठेवली होती, पाणी कमी जावं म्हणून. संडासाच्या दारावर आतून खात्याचं स्टिकर होतं, 'पाणी जपून वापरा'.

या कायद्याचा फटका सहा वर्षांपूर्वी सासूबाईंना बसला होता. पंधरा दिवसांसाठी म्हणून त्या आल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आत असताना थेंबरावांनी दारावर टकटक करून अदबीने विचारलं, "आई, एकदाच ओढलंत ना?" सासूबाई बाहेर आल्या, हात धुतले, बॅग भरली आणि दुपारच्या आत मुलाकडे निघून गेल्या. त्यानंतर त्या या घराची पायरी चढल्या नाहीत. बायकोने यावर भांडण केलं नाही, पण तिला ते फार लागलं होतं. आईला भेटायला ती भावाकडे जायची आणि परत आल्यावर दोन दिवस कमी बोलायची.

आता सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि डॉक्टरांनी जिना बंद केलेला. खूप आढेवेढे घेऊन त्या लेकीकडे यायला तयार झाल्या. रविवार ठरला. आणि नेमकं त्याच आठवड्यात परसातल्या जुन्या विटांच्या सेप्टिक टँकने मान टाकली. झाकण खचलं, भिंत आत आली आणि संडासात सोडलेलं पाणी पुन्हा वर येऊन हजेरी लावू लागलं. ड्रेनेजची लाइन अजून त्यांच्या गल्लीपर्यंत पोचलेली नव्हती, तेव्हा नवा टँक बसवण्याला पर्याय नव्हता.

बायकोने स्वतः मिस्त्री शोधला आणि नवऱ्याला एकच अट घातली, या कामात हात घालायचा नाही. थेंबरावांनी मान हलवली. मान हलवण्यात ते पटाईत होते.

मिस्त्री कमी बोलणारा माणूस होता. बुधवारी त्याने जुनी टाकी उपसून फोडून काढली, खड्डा वाढवला, फायबरची तयार टाकी दोरांनी आत सोडली, लेव्हल पाहिली, आणि मग नळाला पाइप जोडून ती गळ्यापर्यंत पाण्याने भरली. भोवती वाळू टाकली. वाळू बसली की शनिवारी जोडणी करू, वर स्लॅब टाकू, तोवर कुणी हात लावू नका, असं त्याने सांगितलं. थेंबराव भरलेल्या टाकीत वाकून बघत होते. दीड हजार लिटर. स्वच्छ. नळाचं. त्यांनी विचारलं, हे कशासाठी?

"भरावं लागतं," मिस्त्री म्हणाला आणि थापी धुवायला गेला.

'भरावं लागतं' हे सरकारी माणसाला कारण वाटत नाही. (कारण तो स्वतः रोज हेच कारण देतो.) उद्यापरवा ज्या टाकीत काय जाणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्यात आधी पिण्याचं पाणी ओतायचं? रात्रभर ते पाणी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. गुरुवारी सकाळी त्यांनी बागेचा छोटा पंप काढला आणि टाकी उपसायला घेतली. टाकी नवीकोरी, पाणी नळाचं, मग संकोच कसला? गच्चीवरची घरची टाकी भरली. तरी पाणी उरलं. शेजारी कवायतीचे निवृत्त मास्तर राहायचे. त्यांची टाकी रिकामी होती, म्हणून पाइप कुंपणावरून पलीकडे टाकून तीही भरली. मास्तरांनी आभार मानले. बायको परत आली तेव्हा थेंबरावांनी तिला सांगितलं, आज नळाला जरा जास्त वेळ पाणी होतं. खात्याचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर तिने विश्वास ठेवला.

शुक्रवारी वस्तीलगतच्या पाटाला पाणी सोडलं. तशी सूचना आठवड्याभरापूर्वी निघाली होती, सखल भागात जमिनीतलं पाणी वर येईल, खड्ड्यांची काळजी घ्यावी. 'खड्ड्यांची' हा शब्द मूळ मसुद्यात नव्हता. तो थेंबरावांनी स्वतःच्या अकलेने घातला होता.

शनिवारी सकाळी ते पेपर वाचत असताना स्वयंपाकघरातून बायकोचा शांत आवाज आला.

"अहो, टाकी वर आलीय."

"वर म्हणजे?"

"खिडकीतून दिसतेय."

थेंबराव परसात गेले. टाकी खरंच वर आली होती. खड्ड्यात पाणी भरलं होतं आणि त्यावर ती अर्धी बाहेर, एका अंगावर कलून, म्हैस डुंबावी तशी निवांत तरंगत होती. वाळू खाली जाऊन बसली होती. थेंबरावांची सव्वीस वर्षांची सवय कामाला आली, आणि मिस्त्री येईपर्यंत त्यांनी 'निकृष्ट दर्जाच्या कामाबाबत' अशी सुरुवात करून अर्धं पान तक्रार लिहूनही काढली.

मिस्त्रीने टाकीवर बोटाने टकटक केलं. आवाज पोकळ आला.

"आतलं पाणी कुठंय?"

बायको थेंबरावांकडे बघत होती. थेंबराव कुंपणाकडे बघत होते. कुंपणापलीकडे मास्तर दात घासत उभे होते.

"पाणी म्हणजे टाकीचं वजन," मिस्त्री म्हणाला. "ते असलं की टाकी जागेवर बसते."

मग बायकोने एकेक गोष्ट जोडली. गुरुवारी नळ जास्त वेळ होता. गच्चीवरची टाकी भरली होती. "मी दोन दिवस त्या पाण्याचा चहा करतेय," ती म्हणाली. मास्तरांनी ब्रश तोंडातून काढला.

टाकी नवी होती हे थेंबरावांनी मास्तरांना तीनदा सांगितलं. तेवढ्यात मास्तरांच्या घरातल्या सगळ्या बादल्या कुंपणाशी आल्या. घेऊन जा तुमचं पाणी, असं म्हणून ते आत गेले आणि टाकी घासायला लागले.

उद्या सासूबाई येणार होत्या. पाणी नळाला सोमवारशिवाय येणार नव्हतं, व्हॉल्व्हच्या दुरुस्तीसाठी पुरवठा बंद होता. (ही सूचनाही कुणी काढली होती ते सांगायला नको.) मिस्त्रीने खड्डा उपसला आणि टाकी पुन्हा बसवली. आता तिच्यात पाणी हवं होतं. गच्चीवरची टाकी पाइपने खाली सोडली, बाकीचं थेंबरावांनी कुंपणापासून खड्ड्यापर्यंत बादल्यांनी वाहिलं. चांगलं पाणी स्वतःच्या हाताने सेप्टिक टँकमध्ये ओतताना त्यांना पहिल्या दहा बादल्यांपर्यंत दुःख झालं. पुढे कंबर इतकी दुखायला लागली की दुःख मागे पडलं. बायको पायरीवर बसून होती. ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. आई एकदा परत गेली होती, दुसऱ्यांदा गेली तर पुन्हा येणार नाही, एवढंच ती म्हणाली. थेंबराव बादली खाली ठेवून तिच्याजवळ गेले, आणि परत येऊन पुन्हा बादली उचलली.

रविवारी दुपारी चारला जोडणी झाली, पाचला सासूबाई आल्या. संडास चालू होता.

सोमवारी टेबलावर पहिलीच तक्रार होती. एका गृहस्थाने सेप्टिक टँकमधलं पाणी शेजाऱ्याच्या पिण्याच्या टाकीत सोडलं. सही कवायत मास्तरांची, अक्षर एका रांगेत उभं केल्यासारखं. साहेबांनी शेरा मारला होता, 'नोटीस काढावी'. थेंबरावांनी नियमाप्रमाणे नोटीस टाइप केली, स्वतःचं नाव घातलं, पत्ता तपासला, आणि स्थळप्रत फायलीला लावून मूळ प्रत घरी नेली.

बायकोने ती शांतपणे वाचली, दारावरचं जुनं स्टिकर नखाने काढलं आणि त्या जागी नोटीस चिकटवली. फ्लशच्या टाकीतली वीट तिने सकाळीच परसात नेऊन टाकली होती.

संध्याकाळी आतून सासूबाईंचा नोटीस वाचल्याचा आवाज आला, सावकाश, शब्द न गाळता, तारखेसकट.

"जावईबापू," त्यांनी आतून विचारलं, "एकदा ओढू की दोनदा?"

बायको हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत होती.

"कितीही ओढा, आई," थेंबराव म्हणाले.

सासूबाईंनी ओढलं. थोड्या वेळाने पुन्हा ओढलं. मग टाकी भरेपर्यंत वाट बघून तिसऱ्यांदा ओढलं. थेंबरावांच्या उजव्या हाताची तीन बोटं मोजता मोजता मिटली होती, ती बायकोने आपल्या हाताने उघडली.