शाळेचा राब

तळेघरच्या वरच्या अंगाला, शाळेच्या कुंपणाला लागून गेणूबाबांचं घर. त्या घराच्या ओट्यावर बसून त्यांची बायको ठकूबाई रोज रस्त्याकडे बघायची. मुलगा सुदर्शन चाकणला कंपनीत. दिवाळीला येतो म्हणाला, आला नाही. शिमग्याला येतो म्हणाला, तेव्हाही नाही. फोनवर एकच बोल, "आये, सुट्टी न्हाई."

तो गेल्यापासून भाताचं खाचर पडीक होतं. चैत्र लागला की समोरच्या उतारावर लोक राब भाजायचे. शेण, पाला, गवत थरावर थर रचायचं, वर बारीक माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. त्या भाजलेल्या जमिनीत भाताची रोपं जोमानं येतात. इतरांच्या राबाचा धूर आला की ठकूबाई नाकाला पदर लावत नसे. डोळे मिटून तो छातीत भरून घ्यायची.

यंदा शाळेच्या अंगणातही काही रचलं गेलं. शाळेतल्या शिक्षिका शीलाबाई जुन्नरच्या. सोमवारी घोडेगावहून साहेब 'हरित शाळा' निवडायला येणार, म्हणून त्यांनी पोरांकडून पालापाचोळा गोळा करवला. खाली शेण, त्यावर पाला, त्यावर गवत, वर बारीक माती. जुन्नरच्या माणसाला ते कंपोस्ट खत दिसतं. तळेघरच्या माणसाला दुसरं काय दिसणार?

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई कुंपणावरून ठकूबाईशी चार शब्द बोलल्या आणि एसटी धरून घरी गेल्या.

रविवारी कलत्या उन्हाला ठकूबाई म्हणाली, "अवं, बाईंनी राब रचलाय, बघितला का?"

गेणूबाबांनी कुंपणातून मान घातली. "रचलाय झ्याक. पर शाळंला राब कशाला?"

"पोरांना शिकवीत असतील. हल्ली समदंच शिकवत्यात."

"मग पेटवायचा ऱ्हायलाय की."

"जुन्नरची बाई ती, तिला कुठला भाजाया येतोय? उद्या सायेब येनार. फजिती व्हईल बिचारीची."

आणि तिनं काडेपेटी पुढे केली.

कितीतरी दिवसांनी गेणूबाबांचे हात शिवशिवले. वारं पडेपर्यंत ते थांबले. राबात मधोमध पोरांनी रंगवलेली एक पाटी रोवली होती. ती त्यांनी हलकेच उपटली आणि भिंतीला टेकवून ठेवली; लेकरांची मेहनत, जळायला नको. मग वाऱ्याच्या उलट अंगानं काडी लावली आणि हातात ओली डहाळी घेऊन ते राबाभोवती फिरू लागले. धूर सरळ वर चढला. ओट्यावर ठकूबाईला ओवी सुचली.

"धुरा माझ्या बाई धुरा, डोंगराच्या वर जाय,
चाकणच्या लेकाला सांग, वाट बघती तुजी माय."

खाली स्टँडवर चहा पिणाऱ्या भागूला, सुदर्शनच्या दोस्ताला, तो धूर दिसला. त्यानं लगोलग सुदर्शनला फोन लावला. "आरं, शाळंत आग लागलीया! तुजा बाप फांदी घिऊन पळतोय!" सुदर्शननं घरी फोन केला. ठकूबाईच्या शेजारी फोन वाजत राहिला. तिची ओवी काही थांबली नाही.

सोमवारी सकाळी साहेबांची जीप आली. मागोमाग एसटीतून बाई उतरल्या. अंगणात काळीभोर चौकोनी राख. मधोमध, डाग न लागलेली पाटी ताठ उभी: 'पाला जाळू नका.'

"मॅडम," साहेब म्हणाले, "हा काय प्रकार?"

तेवढ्यात गेणूबाबा हसत पुढे आले. "बघा बाई, कसा भाजलाय! एक काडी कच्ची न्हाई."

"बाबा, ते खत होतं! कुजवायचं होतं!"

"मग वर माती कशाला टाकली?"

"झाकायला!"

"आमीबी झाकायलाच टाकतो."

साहेबांनी पाटीकडे बोट केलं. "आणि ही?"

"ती म्या आदी काडून ठिवली व्हती. भाजून झाल्यावर जाग्याला लावली."

"वाचली नाहीत?"

"वाचाया आलं असतं सायेब, तर म्याबी जीपमदनं आलो असतो."

एवढ्यात फटफटत मोटरसायकल आत शिरली. कंपनीचा निळा शर्ट, तारवटलेले डोळे. "आबा! कुठं जळली शाळा?"

"शाळा कशाला जळंल? तू कसा काय आला?"

"भागू म्हनला, आग लागली! आये फोन उचलंना. सुपरवायझरच्या हातापाया पडून आलो!"

साहेब हसू दाबत जीपमध्ये बसले. "यंदा हरित शाळा राहू द्या, मॅडम. पुढल्या वर्षी बघू." जीप वळणाआड गेली, तशी बाईंनी डोळ्याला पदर लावला.

गेणूबाबा वरमले. "बाई, रडू नगा. भाजल्याला राब वाया जात न्हाई. रोहिणीत भात टाकू. पोरं रोपं तरी बघतील."

"आणि ती रोपं लावायची कुठं? शाळेला काय खाचर आहे?"

सगळ्यांच्या नजरा कुंपणापलीकडच्या पडीक खाचराकडे गेल्या. तिथून त्या सुदर्शनवर आल्या.

"माज्याकडं काय बघताय?" तो म्हणाला. त्यानं वाकून चिमूटभर राख उचलली, बोटांत चोळली. "...बरं. लावणीला येतो."

"आणि माझं खत?" बाईंनी नाक पुसलं.

"आज पाला गोळा करून देतो, बाई. उद्याच जातो."

तो टोपलं घेऊन झाडीकडे वळला. बाई गेणूबाबांच्या घरात आल्या. ठकूबाई चुलीपुढे भाकरी थापत होती.

"आजी, शनिवारी जाताना मी तुम्हाला सांगितलं होतं. हे खत आहे, कुणाला काडी लावू देऊ नका."

"सांगितलं व्हतं, बाई."

"मग?"

ठकूबाईनं दारातून बाहेर बघितलं. सुदर्शन वाकून वाळका पाला गोळा करत होता.

"तुमचं खत लई चांगलं झालं असतं, बाई. पर त्येचा धूर चाकनापत्तूर गेला नसता."

आणि तिनं तिसरी भाकरी तव्यावर टाकली.